काही झाल्यास कोणाला कळवावे

४ एप्रिल, सोमवार

पोचले बाई एकदाची! बस सहा तास हलत होती, आता खुर्चीत बसलेय तरी मी हलतेच आहे.

ही वही थोरल्याच्या मुलीने, माझ्या भिंगरीने, निघताना हातात दिली. तिनेच दोन हिवाळे शेजारी बसवून मला लिहायला शिकवलं. माझी शाळा दुसरीत सुटली ती सुटलीच. म्हणाली, आजी, तू बोलतेस तसंच लिही, फक्त मधूनमधून श्वास घे. कार्टी! तेव्हा भिंगरे, हे सगळं तुझ्यासाठी. चुका काढल्यास तर कान पिळीन.

लेक स्टॉपवर घ्यायला आली होती. तुझी आत्या ग, तू तिला फोटोतच पाहिलंयस. अकरा वर्षांनी बघितलं मी तिला. खरं सांगते, वाटलं, पायरीवरून उतरायच्या आत चार शब्द सुनावेल. पण छे! मिठीच मारली. लहानपणी ही पोर कधी मिठीत राहिली नाही, मांजरासारखी ओरबाडून पळायची. आज मीच शेवटी म्हटलं, सोड आता, बरगड्या जुन्या आहेत.

हिला राहायला परवाना कचेरीच्या मागे दोन खोल्या आहेत. लोखंडी खाट, चूल, एक खिडकी. खिडकीतून झाडं, त्यांच्यामागे झाडं. हे राष्ट्रीय उद्यान. मी विचारलं, झोपाळे कुठेत, तर दाढी हसून हसून खोकायला लागला. दाढी म्हणजे इथला वनरक्षक. एवढी दाढी, की जेवताना ती बाजूला सारावी लागते.

५ एप्रिल, मंगळवार

आज लेकीने कचेरी दाखवली, इथली मुख्य तीच. भिंगरे, तुला खरं वाटणार नाही, इथे रानात झोपायला परवाना लागतो! आमच्या वेळी रानात झोपायची वेळ येऊ नये म्हणून माणसं राबराब राबायची, आणि इथे उजाडायच्या आधीपासून रांग. सहा सहा महिने आधी अर्ज करतात, चिठ्ठ्या निघतात, नाव नाही आलं तर चांगली मिशीवाली माणसं रडकुंडीला येतात.

आत मुक्कामाच्या नऊ जागा आहेत. भिंतीवर बोर्ड, बोर्डावर नऊ आकडे, प्रत्येकावर एक पत्र्याचा बिल्ला. माणूस आत जाताना बिल्ला घेऊन जातो, बाहेर येताना परत देतो. बोर्डावर बिल्ला नाही म्हणजे त्या जागेवर माणूस आहे. बोर्ड भरलेला म्हणजे रान रिकामं. किती सोपं! माझ्या दोन्ही मुलांच्या घरी असा बोर्ड असता तर मी कुठल्या महिन्यात कोणाकडे, यावरून भांडणं झाली नसती.

परवान्याचा कागद एकच. कागदाच्या वरच्या बाजूला माणूस जाताना सही करतो, खालच्या बाजूला परत आल्यावर, मग त्यावर ‘बंद’ असा शिक्का. मध्ये एक ओळ आहे: काही झाल्यास कोणाला कळवावे. तिथे बहुतेकजण बायकोचं नाव लिहितात. एकाने बराच वेळ विचार करून कुत्र्याचं नाव लिहिलं. दाढीने त्याला सांगितलं, साहेब, कुत्रा फोन उचलत नाही.

जाणाऱ्याला दाढी सगळे नियम तोंडपाठ ऐकवतो. शेकोटी नाही, खाणं झाडाला टांगायचं, अडचणीत आलात तर तीनदा शिट्टी. शिट्टी इथूनच मिळते.

७ एप्रिल, गुरुवार

मला काम मिळालं! परतीच्या खिडकीवर बसायचं. बिल्ला घ्यायचा, सही घ्यायची, शिक्का मारायचा. साठी उलटून गेल्यावर मला टेबल मिळालं. टेबलाला खण पण आहे. खणात मी चष्मा आणि शेंगदाणे ठेवलेत.

कल्पना लेकीचीच. म्हणाली, आई, तुला माणसं आवडतात, तू बस. आणि बघ, मी बोलत असताना ती मध्येच तोडत नाही. काल मी तिला धाकट्याच्या सासूच्या दातांची गोष्ट सांगितली, ती केवढी लांब आहे तुला माहीत आहे. सगळी ऐकली. संपल्यावर म्हणाली, छान.

अजून एक. ती जन्माची डावखुरी. सात वर्षांची असताना मी तिचा डावा हात फडक्याने खुर्चीला बांधायचे आणि उजव्या हाताने अक्षरं काढून घ्यायचे. मास्तरच तसं सांगायचे, मला काय अक्कल होती? पोर रडायची, पण फडकं सुटलं की डाव्यानेच लिहायची. आणि आज बघते तर उजव्या हाताने झरझर परवाने लिहितेय! मी म्हटलं, चाळीस वर्षांनी का होईना, आईचं ऐकलंस. ती हसली.

मला इतकं बरं वाटलं की दोन कप चहा जास्त प्याले.

११ एप्रिल, सोमवार

आज नऊ नंबरबद्दल लिहिते. आठ जागांसाठी मारामारी, पण नऊ चिठ्ठ्यांत नसतेच. खरं तर ती सगळ्यात जवळ, सपाट वाटेने दोन तास. एकच तंबू मावतो, म्हणून एकट्याने आलेल्याला देतात. रांगेच्या शेवटी कोणी एकटा उरला की लेक स्वतः नऊचा बिल्ला काढून देते.

शनिवारी असा एक रेल्वेतला म्हातारा आला होता. काय तो स्वभाव! रांग हळू, पेन वाईट, मी जास्त बोलते. मी त्याला शेंगदाणे दिले, तर म्हणतो, खवट आहेत. जाताना सही केली ती कागद फाटेल अशी, उभी आडवी, काटेरी कुंपणासारखी.

आज परत आला तर लोण्याचा गोळा! माझी चौकशी केली, शेंगदाणे मागून घेतले. रानातली हवा, दुसरं काय. दाढी म्हणाला, नऊवरून सगळे असेच गुणी होऊन येतात. घरच्यांची आभाराची पत्रं येतात. एका सुनेने लिहिलंय, सासरे आता कशालाच नाही म्हणत नाहीत. मी म्हटलं, माझ्या दोन्ही सुनांना हा पत्ता देऊ नको रे बाबा.

१६ एप्रिल, शनिवार

एक गंमत सांगते. म्हणजे गंमत आहे की नाही, माहीत नाही.

वाचताना मी अजून अडखळते, त्यामुळे सह्या मी वाचत नाही, बघते. चित्रासारख्या. आज शिक्के मारून झाल्यावर नऊचे कागद लावत होते. त्या म्हाताऱ्याचा हाती आला. वर काटेरी कुंपण. खाली आल्यावरची सही गोल, मऊ, एका रेषेत. नाव तेच, हात दुसरा.

मग बुधवारी आलेली ती चित्रकार बाई. वर तिची सही पतंगासारखी उडणारी, खाली गोल, मऊ. त्याच्या आधीचा तो कुत्र्याचं नाव लिहिणारा. खाली गोल, मऊ. तिन्ही खालच्या सह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकाच माणसाने एका बैठकीत केल्यासारख्या.

दाढीला दाखवलं. तो म्हणाला, आजी, दमून आलेल्या माणसाचं अक्षर बदलतं. नियमाप्रमाणे बिल्ला आला, सही झाली, माणूस आला. म्हटलं, माणूस तोच आला का, हे कोण बघतं? तर म्हणाला, तसा रकाना कागदावर नाही.

एकट्याने आलेले हे सगळे. बरोबर दुसरं कोणी असतं तर ओळखलं असतं.

नसते विचार. खिडकीत बसून डोकं रिकामं राहतं.

१९ एप्रिल, मंगळवार

दुपारी शिट्टी ऐकू आली. तीनदा. नऊच्या बाजूने.

मी धावत बाहेर. दाढी निवांत लाकडं रचत होता. बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, नऊ बिल्ले जागेवर, आत कोणी नाही. तो पक्षी आहे, वर्षभर ओरडतो. म्हटलं, पक्षी बरोबर तीन मोजतो? त्यावर तो म्हणाला, परवाना उघडा असेल तरच शोधायला जाता येतं. बंद परवान्याच्या माणसाला शोधायला गेलो तर वर काय कळवू, जो घरी पोचला त्याला शोधतोय म्हणून?

संध्याकाळी लेकीला विचारलं. ती म्हणाली, पक्षी आहे आई. चूल पेटवताना तिची बोटं विस्तवाला लागली, चांगली लागली, तिने हात सावकाश काढला. बघून, मग काढला.

भिंगरे, मी ही वही आता उशीखाली ठेवते.

२२ एप्रिल, शुक्रवार

लेक जागा तपासायला दोन नंबरला गेली होती. मी मागच्या खोलीतला नऊचा जुना गठ्ठा काढला. का काढला विचारू नकोस. हात गेला.

चौदा महिन्यांपूर्वीचा एक कागद. नाव वाचायला मला वेळ लागला, पण सही लगेच ओळखली. वर शाई डाव्या हाताने फरफटलेली, जिथे तळवा घासत जातो तिथे डाग. तशी सही मी आयुष्यात एकदाच नीट पाहिलीय. तुला हे कोणी सांगितलं नसेल. अकरा वर्षांपूर्वी घर तुझ्या बापाच्या आणि काकाच्या नावावर करायचं होतं. लेकीने हक्क सोडल्याचा कागद मीच तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, तुला काय करायचंय घर, तू तर रानात राहतेस. तिने डाव्या हाताने सही केली, शाई पुसली गेली, आणि चहा न घेता उठून गेली. ते घर राखून मला काय मिळालं? दोन मुलांच्या दारात आळीपाळीने बॅग.

कागदावरून कळतं, आपली रजा घालवायला ती एकटी नऊला गेली होती. खाली, आल्यावरची सही: गोल, मऊ. एक डाग नाही.

आणि मधली ओळ. काही झाल्यास कोणाला कळवावे.

आई. आणि थोरल्याच्या घरचा फोन नंबर.

तोवर दहा वर्षं एक शब्द नाही, आणि तिथे माझंच नाव.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तिचा पहिला फोन आला होता. तू उचललास, आठवतं? आई, ये ना राहायला. मी गल्लीभर सांगत सुटले होते, लेक विसरली सगळं. विसरली नव्हती ग. जिने बोलावलं तिने माझं नाव ह्या कागदावरून वाचलं.

२३ एप्रिल, शनिवार

रात्रभर विचार केला. तिने मला कधी जुनं काही विचारलं नाही. बापाबद्दल नाही, घराबद्दल नाही, बांधलेल्या हाताबद्दल नाही. मला वाटलं, माफ केलं. मला तेच हवं होतं, म्हणून मी बघितलंच नाही. एवढी गोड लेक मिळतेय म्हटल्यावर कोण हात तपासतं?

आज मुद्दाम म्हटलं, तुला मी बांधून ठेवायचे ते चुकलं माझं. ती म्हणाली, छान.

आज त्या तीन शिट्ट्या दोन वेळा ऐकू आल्या.

२४ एप्रिल, रविवार

दाढीला सगळं सांगितलं. कागद दाखवला. म्हटलं, माझी मुलगी आत आहे. त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात ती दोरीवर माझा स्वेटर वाळत घालत होती. तो म्हणाला, आजी, मॅडम त्या काय समोर.

मग हळूच म्हणाला, मागच्या वर्षीपर्यंत मॅडम फार तोडून बोलायच्या, मला तीनदा कामावरून काढायला निघाल्या होत्या. आता कशा आहेत बघा. आजी, जे चाललंय ते बरंच आहे की.

वाईट माणूस नाही तो. नाही म्हणूनच जास्त राग येतो.

तो गेल्यावर मी लेकीच्या नावाने कोरा परवाना लिहिला, कालच परतायला हवी होती असा. उघडा परवाना असला की त्यांना शोधावं लागतं ना! नऊचा बिल्ला खणात लपवला. जेवणाआधी ती आली, खण उघडला, बिल्ला बोर्डावर टांगला, कागदावर सही केली. शिक्का मारला. बंद.

रागावली नाही. माझ्या गालावरून हात फिरवला.

२५ एप्रिल, सोमवार

मीच जाते. सपाट वाट, दोन तास. मला चार लागतील.

ती आज रांगेशी अडकलीय. परवाना माझा मीच लिहिला, हळूहळू, नीट. नाव, वय, नऊ नंबर, माणसं एक. काही झाल्यास कोणाला, तेही लिहिलं. एक रकाना रिकामा सोडला नाही. तू बघितलं असतंस तर शाबासकी दिली असतीस.

परवाना उघडा राहील. मी परतले नाही की त्यांना यावंच लागेल. मला शोधतील तर तीही सापडेल. ह्यात चूक कुठे आहे? मला तरी दिसत नाही.

बिल्ला स्वेटरच्या खिशात. शिट्टी गळ्यात. शेंगदाणे घेतलेत.

२५, दुपार

पोचले. सापडली.

दगडावर बसली होती. वाळलीय, केस पांढरे. मला बघून पहिलं काय केलं, तर ओरडली! तू कशाला आलीस, तुला कोणी बोलावलं, आयुष्यभर नको तिथे नाक खुपसलंस. तोच खेकसणारा आवाज. भिंगरे, माझा जीव भांड्यात पडला. हीच माझी. मी म्हटलं, बोल, अजून बोल. मग ती रडली. डाव्या हाताने डोळे पुसले. तो हात मी धरून बसले, बराच वेळ. काढला नाही तिने.

इथे बाकीचेही आहेत. रेल्वेवाला म्हातारा. चित्रकार बाई. कोणी जवळ येत नाही, नुसते माझ्या खिशाकडे बघतात. वाट आहे, पण ती फिरून ह्याच दगडाशी येते. लेक चौदा महिने चालतेय.

मी सांगितलं, घाबरू नको, माझा परवाना उघडा आहे, शोधायला येतील. ती म्हणाली, बिल्ला दाखव.

खिशात हात घातला —

नाही. स्वेटरच नाही अंगात. कधी काढला? मी काढला नाही. थंडी वाजतेय.

२५, नंतर

वाटेवर कोणीतरी चाललंय. कचेरीच्या बाजूला. पाठमोरी. माझा स्वेटर. माझ्यासारखीच डावा पाय ओढत. हाक मारली — शिट्टी मारली, तीनदा —

वळून हसली. माझंच तोंड.

आता खिडकीवर जाईल. बिल्ला देईल. सही करेल. बंद.

लेक विचारतेय. तिने एकच विचारलं. आई, त्या ओळीत कोणाचं नाव लिहिलंस.

मी सांगितलं.

तिने वही माझ्या हातात कोंबली.

भिंगरे, तुझं लिहिलं ग. मला दुसरं कोण आहे? किती सुंदर अक्षरात लिहिलं — नंबर पण — पाठ होता —

ही वही कशी पोचेल — दगडाखाली — कोणी आलं तर —

नीट ऐक. फोन येईल. ये ना राहायला म्हणेल. आवाज माझाच. पण मी कधी थोडक्यात बोलते का? तूच सांग. दातांची गोष्ट सांग म्हण. न संपवता गप्प झाली, नुसतं छान म्हणाली — तर ती मी नाही — भिंगरे, येऊ न